डायलिसिसची निवड कोणाची?

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णापुढे वैद्यकशास्त्र तीन वाटा ठेवते. प्रत्यारोपण ही त्यांतील सर्वांत चांगली. परंतु मूत्रपिंड मिळेपर्यंत, आणि न मिळाल्यास आयुष्यभर, उरलेल्या दोहोंपैकी एक पत्करावीच लागते. केंद्रात जाऊन यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे, म्हणजे हीमोडायलिसिस, ही एक; पोटात कायम बसविलेल्या नळीवाटे द्रव सोडून उदरावरणाच्या पडद्यातून रक्त शुद्ध करणे, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस, ही दुसरी. आयुर्मानाच्या दृष्टीने दोहोंत फार मोठे अंतर नाही. म्हणूनच ही निवड रुग्णाच्या जीवनक्रमावरून व्हावी, हे उचित होय. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराच्या बाबतीत मात्र निवड बहुधा त्याला विचारण्यापूर्वीच झालेली असते.

हीमोडायलिसिस आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास करावे लागते. म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. कारखान्यातील पाळी बदलत राहते, केंद्रातील वेळ बदलत नाही. चाकणहून पिंपरीस येणाऱ्याला पुणे-नाशिक रस्त्यावरील कोंडी चुकत नाही, आणि यंत्रावरून उठल्यावर येणारा थकवा उरलेला दिवस खातो. ज्या हातावर फिस्टुला केलेली असते, त्या हाताने ओझे उचलणे वर्ज्य ठरते. कायम कामगार रजा आणि हलके काम मागू शकतो. कंत्राटी कामगाराच्या नशिबी खाडा येतो, आणि काही खाड्यांनंतर नोकरीच जाते. उपचार मोफत, पण चूल बंद, अशी ही अवस्था.

दुसऱ्या पद्धतीत घरीच, दिवसातून ३-४ वेळा, सुमारे अर्ध्या तासात पिशवी बदलावयाची असते. अमेरिकेत १९७६ मध्ये पॉपोविच व मॉनक्रिफ यांनी ही रीत मांडली. हाँगकाँगने १९८५ पासून तिलाच प्रथम पसंती दिली. तिने नोकरी टिकण्याचा संभव वाढतो. तथापि तिच्याही अटी आहेत. २ लिटरच्या ३ पिशव्या रोज धरल्या तरी महिन्याला ९० पिशव्या, म्हणजे सुमारे १८० किलो ओझे घरात साठवावे लागते. भोसरीत वा चाकणला एका भाड्याच्या खोलीत चौघे राहत असतील, तर ते कोठे ठेवावयाचे? हात धुण्यात वा नळी जोडण्यात हयगय झाली तर उदरावरणाचा जंतुसंसर्ग होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांची सावधगिरी अगदीच निराधार नाही.

परंतु शासनाचे धोरण या तुलनेपर्यंत पोचलेच उशिरा. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा दरवर्षी २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते व त्यामुळे ३ कोटी ४० लाख डायलिसिसची मागणी वाढते, असा हिशेब देण्यात आला. हा आकडा म्हणजे रुग्णसंख्येला वर्षाच्या १५६ फेऱ्यांनी गुणून आलेला आकडा होय. प्रत्येक रुग्ण यंत्रावरच जाणार, हे गृहीतच धरले होते. घरच्या पद्धतीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये निघाली. यंत्रे मोजता येतात, केंद्राचे उद्घाटन करता येते. घरोघर पिशव्या पोचविण्याचे आणि रुग्णाला शिकविण्याचे काम दिसत नाही.

कामगार विमा योजनेचा आधारही अपुरा पडतो. २०१७ मध्ये तिची वेतनमर्यादा २१ हजार रुपये करण्यात आली. दीर्घ मुदतीच्या आजारात ८० टक्के दराने वेतनाची भरपाई देण्याची तरतूद तिच्यात आहे. पण तिला सलग २ वर्षांच्या विमापात्र नोकरीची अट आहे. ज्याच्या नोकरीत कंत्राटदार बदलताना खंड पडतो, त्याच्यासाठी ही अट म्हणजे बंद दार होय.

उपाय असाध्य नाहीत. पहिली सुई टोचण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाला दोन्ही पद्धती समजावून सांगणे आणि त्याची खोली, पाळी व घरातील सोबत यांची चौकशी करणे, हा नियम महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयापासून खासगी केंद्रांपर्यंत सर्वत्र व्हावा. यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालावीत. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपचारकक्ष बंधनकारक केला. अशा कक्षात एक स्वच्छ कोपरा आणि हात धुण्याची सोय असली, तर दुपारची पिशवी तेथेच बदलता येईल. रुग्ण कामगाराला एकच पाळी कायम देणे हेही व्यवस्थापनाला जड नाही. रोग कोणाला व्हावा हे माणसाच्या हाती नाही. उपचार घेताना त्याची रोजी जाऊ नये, एवढे तरी समाजाच्या हाती आहे.