रिकाम्या क्रमांकांचा मोह

आम्ही विश्रांतवाडीत राहतो आणि जवळच्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेथील ग्रंथालयाने संगणकीकरण करताना बाद पुस्तकांचे दाखल क्रमांक नव्या पुस्तकांना देऊन टाकले. का, तर नोंदवहीत भोके दिसू नयेत! आमच्या विभागाने 'सत्यकथे'च्या बांधीव खंडांची लेखसूची कार्डांवर केली होती. प्रत्येक कार्डावर खंडाचा दाखल क्रमांक. जीर्ण खंड बाद झाले. आता त्याच क्रमांकावर स्पर्धापरीक्षेचे मार्गदर्शक हाती येते.

खंड गेल्याचे दुःख आहेच. आक्षेप मात्र वेगळा आहे. कोठेच न नेणारे कार्ड 'पुस्तक नाही' एवढे खरे तरी सांगते. भलत्याच पुस्तकापाशी नेणारे कार्ड खोटी साक्ष देते.

'मराठीच्या मास्तरांना संगणकातले काय कळणार,' असे उत्तर आम्हांस मिळाले. तेव्हा संगणकाचेच उदाहरण घेऊ. संगणकीय खेळ रचणाऱ्यांच्या 'एंटिटी-कंपोनंट' पद्धतीत पात्र, झाड, बाण अशी प्रत्येक वस्तू म्हणजे केवळ एक क्रमांक. तिचे स्थान, वेग, रूप हे गुण निरनिराळ्या रांगांत साठवलेले. वस्तू नष्ट झाली की क्रमांक पुन्हा वापरतात, हे खरे. परंतु 'एनटीटी' ह्या लायब्ररीत (होय, तिलाही लायब्ररीच म्हणतात) एरवी ३२ बिटांपैकी २० बिट क्रमांकाला आणि १२ बिट आवृत्तीला दिलेले असतात. पुनर्वापर झाला की आवृत्ती बदलते, आणि जुना संदर्भ घेऊन येणाऱ्यास ती वस्तू आता उरली नसल्याचे कळते. भोकांचे म्हणाल, तर क्रमांक विरळ असले तरी साठवण सलग ठेवता येते. कोणता क्रमांक कोठे आहे हे सांगणारी वेगळी यादी असली की झाले. फळीवर पुस्तके खेटून उभी असावीत. वहीतल्या रिकाम्या ओळीने कोणाचे काय अडते?

ही युक्ती नवीही नव्हे. मुंबई सरकारने जमवलेली हस्तलिखिते एके काळी आमच्या शेजारी, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात होती. १९१८ साली ती भांडारकर संस्थेकडे गेली. ब्यूलरने काश्मिरातून आणलेल्या, शारदा लिपीतील भूर्जपत्री ऋग्वेदाचा क्रमांक आजही '५/१८७५-७६' असाच आहे. जागा बदलली, क्रमांक नाही. नुसते '५' लिहिले असते, तर कोणत्या वर्षाचे ५?

आमची मागणी एवढीच आहे: पुन्हा वापरलेल्या प्रत्येक क्रमांकापुढे वर्ष लावावे, आणि बाद पुस्तकांची जुनी वही रद्दीत गेली नसेल, तर ती आम्हांस पाहू द्यावी. कार्डे आम्ही स्वतः दुरुस्त करू.