भोपळ्याचं तोंड आणि घारग्यांची खिरापत

मैत्रिणींनो, चिंचवड-चाकणच्या सोसायट्यांतून हल्ली 31 ऑक्टोबरला मुलं ‘हॅलोविन’ करतात. भोपळ्याला नाक-डोळे कोरायचे, आत दिवा ठेवायचा नि दारोदार खाऊ मागायचा. 2024 साली नेमकी त्याच दिवशी नरकचतुर्दशी! शेजारच्या आजी चिडल्याच, “सणासुदीला दारात भुताचं तोंड कशाला?” सून बिचारी कात्रीत सापडली.

मला विचाराल तर, ही चाल अगदीच परकी नाही. आयर्लंडात पूर्वी सलगम कोरत. ती माणसं अमेरिकेत गेली नि भोपळा आला. आणि आपला भोंडला? पाटावर हत्ती, भोवती फेर, घरोघरची खिरापत ओळखायची. हौस तीच! म्हणून मुलांना नाही म्हणू नका; मात्र नवरात्रात त्यांना नि परगावाहून आलेल्या शेजारणींनाही भोंडल्याला आवर्जून बोलवा.

मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. कोरताना निघालेला ताजा गर फेकू नका, त्याचे घारगे करा. दोन वाट्या कीस थोड्या तुपावर वाफवा, वाटीभर गूळ घाला. गूळ विरघळला की लगेच उतरवा. जास्त शिजला तर घारगे कडक होतात. गार झाल्यावर मीठ, वेलची नि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवा. जाडसर थापून मंद आंचेवर तळा. बिया धुऊन, वाळवून भाजा.

आजींनी शेवटी हेच केलं. वर डबा झाकून मुलांना म्हणाल्या, “आधी खिरापत ओळखा!”