दहा मिनिटांचा समुद्र

कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करायला मी नकार दिला, ही बातमी बुरोंडीच्या बंदरापासून वरच्या वाडीपर्यंत पोहोचायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. कागद माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचा. त्याला बापाची होडी विकून हवेच्या टाक्या, त्या भरण्याचा कॉम्प्रेसर आणि रबरी पोशाख घ्यायचे आहेत आणि आपल्या गावात ‘स्कुबा’ सुरू करायचे आहे. “अण्णा, मालवणातली पोरं बघा कशी कमावतात!” असे तो म्हणाला. मी नाही म्हटले. तेव्हापासून पोरांच्या पोटावर पाय देणारा म्हातारा म्हणून माझी ख्याती झाली आहे. घरोघर जाऊन खुलासा करीत बसण्याचे माझे वय नाही. म्हणून तो येथे करतो.

समुद्राला बोट लावू नका म्हणणाऱ्या शहरी मंडळींपैकी मी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी कोळ्याचा मुलगा. मास्तरकी नंतरची, त्याआधी जाळी ओढून हात सोलून घेतलेले आहेत. आणि ज्या बुडीवर मी बोलणार आहे ती मी स्वतः मारली आहे.

गेल्या हिवाळ्यात नातीच्या हट्टापायी मालवणास गेलो. होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नेले. तेथे एकाने आमच्या पाठीवर टाकी चढवली, तोंडात नळी दिली, अंगठा वर म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय हे दोन मिनिटांत सांगितले आणि पाण्यात सोडले. मला रक्तदाब आहे, नातीला लहानपणी दमा होता. कोणी विचारले नाही, आणि लाजेने म्हणा वा उत्साहाने म्हणा, मीही सांगितले नाही. हा अपराध निम्मा माझा.

पण खाली गेल्यावर जे दिसले, त्याचे वर्णन करायला माझ्यापाशी शब्द नाहीत असे लिहिले तर मास्तरकीला बट्टा लागेल. हिरवट उजेडात खडकांवर मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे, त्यांतून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे शाळा सुटल्यासारखे बाहेर पडत होते. जन्म समुद्राकाठी गेला आणि समुद्राचा हा मजला मी पाहिला नव्हता! त्याच क्षणी माझ्या सोबत्याने मला खांदे धरून एका गोळ्यावर उभे केले, हातात पावाचा तुकडा दिला, मासे जमवले आणि फोटो काढला. माझ्या आधी त्या गोळ्यावर कितीजण उभे राहिले असतील, ते त्याच्या गुळगुळीत पांढऱ्या माथ्यावर लिहिलेले होते. दहा मिनिटांनी आम्ही वर. फोटो अजून घरात आहे. चांगला आला आहे, हेच वाईट.

आपल्याला पोवळे ठाऊक आहे ते अंगठीतले. मंगळासाठी घालतात ते. ते भूमध्य समुद्राकडचे तांबडे पोवळे. त्याचे आणि मालवणच्या खडकांवरच्या प्रवाळांचे नाते लांबच्या भाऊबंदांचे. परंतु अंगठीने आपली समजूत अशी करून दिली आहे की पोवळे म्हणजे खडा. तो खडा नव्हे, हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न शिजवते आणि घरमालकाला वाढते. पाणी फार तापले की हे भाडेकरू निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडून उपाशी मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या साली जगभर हे घडले; २०२४ च्या एप्रिलात शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक संकट जाहीर केले. आणि वाढ किती? गोळ्याच्या जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. मी ज्यावर उभा राहिलो तो गुडघ्याएवढा होता. म्हणजे माझ्या जन्माच्या सुमारास त्याने सुरुवात केली असावी. आम्ही दोघे समवयस्क, आणि मी त्याच्या डोक्यावर पाय देऊन हसतो आहे!

आता कायदा पाहा. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसलेले आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. एकूण सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक. सिंधुदुर्ग आणि पद्मगड त्या गाभ्यातच येतात. तेथल्या मच्छीमारांनी या अभयारण्याला पहिल्यापासून विरोध केला. का करू नये? ज्याचा बापजादा तेथे जाळे टाकीत आला त्याला म्हणायचे, तुझ्या जाळ्याने निसर्ग बिघडतो; आणि मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला त्याच निसर्गाच्या टाळक्यावर उभे करून फोटो काढायचा! वाघाच्या पाठीवर बसवून कोणी फोटो काढून देईल काय? येथे देतात, कारण हा वाघ गुरगुरत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, पोरांनी खायचे काय? पारंपरिक मासेमारीचे हाल मला कोणी सांगायला नको. परराज्यातल्या यांत्रिक बोटी, प्रखर दिव्यांची मासेमारी, यांनी लहान होडीवाल्याचे कंबरडे मोडले आहे. मालवणात ज्याच्या घरात बुडीचा पैसा आला त्याच्या घरातला मुलगा मुंबईला पहारेकऱ्याची नोकरी करायला गेला नाही, हे खरे आहे आणि मोठे आहे. माझे भांडण बुडीशी नाही. दहा मिनिटांच्या बुडीशी आहे. गिऱ्हाईक अडाणी, नेणारा घाईत, आणि होडीचा नांगर थेट प्रवाळात, या व्यापाराशी आहे. नांगराऐवजी कायमची तरंगती पिंपे बांधावीत, दिवसाची माणसे मोजून घ्यावीत, पाव टाकू नये, कोठेही पाय टेकू नये, यात न कळण्यासारखे काय आहे? परंतु ज्याला पाण्यात तरंगत स्थिर राहता येत नाही तो पाय टेकणारच, आणि ती कला दोन मिनिटांत येत नाही.

शिवाय जिवाची गोष्ट आहे. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. पाच मीटरवर भरून घेतलेला श्वास कोंडून धरून कोणी घाबरून वर आला, तर छातीतली हवा दीडपट फुगते; फुप्फुस फाटायला तेवढे पुरते. आणि धोका पाण्याखालीच असतो असेही नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला बुडी मारून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघे दगावले. मे अखेरीचा समुद्र काय असतो हे आमच्या बुरोंडीतले शेंबडे पोरही सांगेल.

कूस्तोचे उदाहरण मला नेहमी आठवते. १९४३ साली ज्या दोघांनी ही पाठीवरच्या हवेची युक्ती सिद्ध केली त्यांतला हा एक. दुसरा गान्याँ नावाचा इंजिनिअर. १९५६ च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या त्याच्या चित्रपटात प्रवाळांपाशी मासे किती आहेत हे मोजण्यासाठी चक्क सुरुंग उडवला आहे. हाच मनुष्य पुढे समुद्ररक्षणाचा जगातला सर्वांत मोठा वकील झाला. त्याला न कळण्याची सबब होती. आपल्याला ती सबब नाही.

राहिली आमची बुरोंडी. टेकडीवर पृथ्वीच्या अर्धगोलावर परशुराम उभा आहे; त्याने समुद्र मागे हटवून ही भूमी मिळवली अशी कथा. त्याच्या पायथ्याशी येणारे पाहुणे पुढे लाडघरच्या किनाऱ्यावर जातात, डॉल्फिन दिसतात का पाहतात. दक्षिणेला दाभोळशी वाशिष्ठी गाळ ओतते, उत्तरेला आंजर्ल्याशी जोग नदी. आमचे पाणी वर्षाचे बरेच महिने गढूळ. प्रवाळाला स्वच्छ ऊन लागते. येथे पाहुण्याला आपलेच पाय दिसले तरी पुष्कळ. मग हा मुलगा काय दाखवणार? तो म्हणतो, पुढे-मागे आंग्रिया बँकेला नेऊ. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे ते बुडालेले पठार. माथाच वीसेक मीटर खोल. तेथे शिकलेला पाणबुड्यासुद्धा जपून उतरतो. आणि हा बापाची होडी विकून तेथे निघाला आहे!

होडी विकू नकोस, एवढेच मी त्याला सांगितले. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची बुडी शिकवणारी संस्था आहे. तेथे चार दिवसांचा पहिला पाठ घे, मग त्यापुढचे, शिकवण्याची परवानगी मिळेपर्यंतचे. त्याचा खर्च मी माझ्या पेन्शनीतून करतो, व्याज नाही. त्यावर तो म्हणाला, “तेवढ्यात दुसरा कोणीतरी सुरू करील, अण्णा.” करील. करणारच आहे. त्याला मी काय उत्तर द्यावे हे मला त्या दिवशी सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही सुचलेले नाही.

कागद अजून माझ्या टेबलावर आहे. पाडव्याला तो फराळाला येईल तेव्हा चकलीच्या ताटाशेजारी हा अंक उघडून ठेवणार आहे. आणि तो फोटोही.