डॉक्टर, लिहा ना!

सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज काढलं. तिथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी मुलं त्या गावात शिबिराला राहतात. आता सांगा, तिथे जे दिसतं ते परीक्षकापुरतं इंग्रजी जर्नलमध्ये उतरवून भागतं का?

"वेळ कुठाय?" आम्ही प्रोग्रामरही हेच म्हणून डॉक्युमेंटेशन टाळतो, आणि सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड परका वाटतो. साध्या मराठीत लिहायला बसा, आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. विद्यार्थ्याला याहून स्वस्त शिकवणी नाही.

"पेशंटची गोपनीयता?" अगदी बरोबर. त्याची परवानगी घ्या, ओळख पटेल असं सगळं गाळा. पण गप्प बसायला ही सबब नको.

सेवाग्रामच्या मातीत वाढलेल्या डॉ. अभय बंग यांनी स्वतःच्या आजारावर 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. कार्डिऑलॉजीचं टेक्स्टबुक न उघडणाऱ्यांनीही ते वाचलं, कारण त्यात डॉक्टर स्वतः पेशंट होऊन आपल्या भाषेत बोलत होता.

तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून लोक वाचायचे थांबत नाहीत हो. ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे काढे वाचतात, आणि बीपीची गोळी बंद करतात.