चुन्याखालचं चित्र

लॉस एंजेलिसला मुलाकडे आल्यापासून रविवार म्हणजे मॉल, असा शिरस्ताच पडला होता. गेल्या रविवारी सुनेनं बंड केलं. "आई, आज जुन्या गावात जाऊ."

ओल्व्हेरा स्ट्रीट ही 1930 साली मेक्सिकन बाजार म्हणून नटवलेली गल्ली. डोक्यावर कागदी पताका, दुकानांत कातडी पाकिटं, कढईतून निघालेले ताकितो. जत्राच, फक्त पाळणा तेवढा नव्हता. पण बघायचं होतं ते वर, एका जुन्या इमारतीच्या माडीवरच्या भिंतीवर.

1932 साली मेक्सिकोचा चित्रकार सिकेरोस याला इथे ऐंशी फूट लांब आणि अठरा फूट उंच भिंत दिली गेली. विषय दिला 'अमेरिका ट्रॉपिकल'. देणाऱ्याच्या मनात हिरवळ, पोपट, फळं. सिकेरोसनं मदतनिसांकडून जंगल आणि पडकं देऊळ रंगवून घेतलं, मधली जागा मात्र कोरी ठेवली. उद्घाटनाच्या आदल्या रात्री ती त्यानं एकट्यानं भरली. सकाळी लोकांना दिसला क्रुसावर बांधलेला आदिवासी माणूस आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरलेला अमेरिकेचा गरुड. चित्रकारानं गिऱ्हाइकाला चुना लावला, म्हणून गल्लीच्या कारभाऱ्यांनी चित्राला लावला. आधी रस्त्यावरून दिसणारा भाग झाकला, मग सगळंच.

पुढे ऊनपावसानं चुना सुटत गेला आणि तो माणूस पुन्हा दिसू लागला. आमच्या गावच्या घरी असंच व्हायचं. धाकट्या दिरांनी ओटीच्या भिंतीवर कोळशानं काढलेले स्टंप दर दिवाळीला चुन्याखाली जायचे आणि पावसाळ्यात डोकं वर काढायचे.

2012 साली चित्र लोकांसाठी खुलं झालं. आम्ही त्यासमोरच्या गच्चीवरून पाहिलं आणि नातू हिरमुसला. "आजी, हे तर पुसलंय!"

खरंच फिकं आहे. भिंत साफ केली, सुटलेला गिलावा धरून ठेवला, पण नवा रंग दिला नाही. मूळ रंग सांगणारा फोटोच नाही, आहेत ते काळे-पांढरे. सून म्हणाली, "निदान गरुड तरी उजळायचा." मला नाही पटलं. ज्यांनी चुना फासला त्यांचा हातही त्या भिंतीवर दिसायलाच हवा की!

खालच्या छोट्या संग्रहालयात नातवानं जुना फोटो नाक टेकवून पाहिला आणि पुन्हा वर जायचा हट्ट धरला. "आजी, त्याचं तोंड बघायचं राहिलं." पार्किंगची वेळ संपत आली होती. मुलगा खालून हाका मारत होता. आम्ही दोघं वर गेलो.