पिंजरा मागू नका, दिवसा वीज मागा

जुलै 2024 मध्ये बिबट्या उल्कानगरीच्या सीसीटीव्हीत दिसला, मग प्रोझोन मॉलच्या. लगेच आपल्या ग्रुपांवर एकच घोषा: पकडा, लांब सोडा.

जुन्नरमध्ये 2001 पासून हेच मोठ्या प्रमाणावर केलं. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 झाले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर करणार तरी काय? उलट नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 बिबटे निघाले, तेही भर वस्तीच्या उसात. त्या काळात तिथे माणूस मेला नाही.

धोका खोटा नाही. 2025 मध्ये शिरूरच्या पिंपरखेडला लेकरं गेली. पण मरतो तो शेतवस्तीवरचा, आणि ओरडतो आपण, फ्लॅटच्या बाल्कनीतून. पंपाला वीज रात्री मिळते, म्हणून तो बारा वाजता बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो. त्यावर एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.