'बघते' म्हणजे होकार नव्हे



भाषा आणि सभ्यता यांच्या संबंधाचा विचार करताना पुण्याच्या हिंजवडीत सायंकाळी साडेसातला सुरू होणारी एखादी ऑनलाइन बैठक डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात. तेथील सॉफ्टवेअर लिहिणारे नुकते कामावर आलेले असतात. येथील ऑफशोअर टेस्टर दिवसभराच्या कामाने थकलेले असतात.

टेस्टरचे काम दुसऱ्याच्या कामातील दोष दाखवण्याचे. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी आपल्या १९८७ च्या ग्रंथात ऐकणाऱ्याच्या प्रतिष्ठेला धक्का देणाऱ्या भाषिक कृतींचे विवेचन केले आहे. अशी कृती किती जड ठरेल, हे परस्परांतील सामाजिक अंतर, सत्तेतील तफावत आणि त्या कृतीचे त्या संस्कृतीतील गांभीर्य या तीन घटकांवर अवलंबून असते, असे ते मानतात. येथे तिन्ही घटक टेस्टरच्या विरोधात जातात. समोरची व्यक्ती कधी प्रत्यक्ष भेटलेली नसते, ती काम देणाऱ्या पक्षाची असते आणि दाखवलेला दोष तिची मुदत लांबवणारा असतो.

माझी एक माजी विद्यार्थिनी अशा गटात काम करते. "उद्यापर्यंत सर्व तपासून होईल ना?" या प्रश्नाला तिने इंग्रजीत "प्रयत्न करते" असे उत्तर दिले. 'बघते', 'प्रयत्न करते' यांतील नकार मराठी माणसाला सहज ऐकू येतो. पलीकडे मात्र ते आश्वासन ठरले. तपासणी अपुरी राहिली, दोष ग्राहकांपर्यंत पोहोचला आणि ठपका तिच्यावर आला.

अशा प्रसंगानंतर सहसा इंग्रजी संभाषणाचे वर्ग भरवले जातात. माझ्या मते हे निदान चुकीचे आहे. तिने स्पष्ट बोलायला हवे होते, हे खरे. परंतु तिचे इंग्रजी निर्दोष होते. नव्हता तो नकाराचा अधिकार, आणि उच्चार सुधारून तो मिळत नाही. मुदत ठरवताना टेस्टरचे मत घेतले जावे, "झाले का?" ऐवजी "काय राहिले?" असे विचारले जावे आणि बैठकीच्या अवेळा दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून सोसाव्यात.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहात. आपल्या कार्यालयात 'बघतो' असे कोण कोणाला म्हणतो, याची आठवडाभर नोंद ठेवा. जेथे कनिष्ठाला निर्धास्तपणे 'नाही' म्हणता येत नाही, तेथे त्याच्या 'हो'वर वरिष्ठाने विसंबू नये.